दहावीनंतर आयटीआय आणि सरकारी कौशल्य प्रशिक्षण: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत पालकांची रांग असते. कुणी अंबडच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून थेट आलेलं, कुणी पेठच्या एसटीने दोन तास बसून आलेलं. बहुतेकांना आधीच वाटत असतं की आपल्या मुलाला काही मिळणार नाही. इतक्या वर्षांत मी पाहिलं ते उलटं आहे. नियमांमुळे बाहेर राहणारी मुलं थोडी, आणि नियमात बसत असून कागद, तारीख किंवा फॉर्ममधल्या एका चुकीमुळे जागा गमावणारी मुलं पुष्कळ. म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

मुलाला दहावीला पन्नास टक्केसुद्धा नाहीत. आयटीआयला बसेल का?

बसेल. बहुतेक ट्रेडना, म्हणजे तिथल्या एकेका कामाच्या अभ्यासक्रमांना, दहावी पास असणं ही अट आहे, अमुक टक्के असणं ही नाही. टक्क्यांचा संबंध येतो तो गुणवत्ता यादीत, म्हणजे कोणती संस्था आणि कोणता ट्रेड मिळेल यात. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला चढाओढ असते, तिथे पंचेचाळीस टक्क्यांवर आशा धरू नका. पण तेवढ्याच गुणांवर तालुक्याच्या आयटीआयमध्ये किंवा शहरातच दुसऱ्या ट्रेडला जागा मिळू शकते. पात्र असणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजला नाही की पालक अर्जच भरत नाहीत, आणि मग पात्रता असून उपयोग राहत नाही.

नापास झाला असेल तर?

हा प्रश्न पालक सगळ्यात हळू आवाजात विचारतात. उत्तर मी मुद्दाम मोठ्याने देते: दहावी नापास मुलांसाठीही आयटीआयमध्ये ट्रेड आहेत. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, पेंटर जनरल, शीट मेटल वर्कर, गवंडीकाम, शिवणकामाचा सोइंग टेक्नॉलॉजी हे त्यांतले नेहमीचे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसाठी मात्र विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास व्हावंच लागतं.

यातल्या वायरमनकडे जरा नीट बघा. हा दोन वर्षांचा ट्रेड. नापास मुलगा वायरमन पूर्ण करून राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा पास झाला, तर त्याला दहावीची समकक्षता मिळण्याची सोय आहे. म्हणजे हातात कामही येतं आणि राहिलेली दहावीही पदरात पडते. वेल्डर एका वर्षात संपतो, आणि चांगल्या वेल्डरला सिन्नर असो की गोंदे, काम शोधत फिरावं लागत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा २०१५ पासून त्याच वर्षी पावसाळ्यात होते. एक-दोन विषय राहिले असतील तर तिचा फॉर्म भराच. पण तिच्या निकालाची वाट पाहत आयटीआयचा अर्ज मागे ठेवू नका. दोन्ही भरा.

मुलाने नववीतच शाळा सोडली, दहावीला बसलाच नाही. त्याचं काय?

राज्याच्या आयटीआय प्रवेशात 'दहावी नापास' याचा अर्थ दहावीच्या परीक्षेला बसलेला. बसलाच नसेल तर आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. पास झाला तर उत्तमच, नाही झाला तरी नापासांच्या ट्रेडचं दार उघडतं. सुरगाणा, पेठ, हरसूल भागात आठवी-नववीत गळालेली मुलं बरीच असतात. बाग छाटणीच्या किंवा द्राक्षतोडणीच्या मजुरीला निफाड-दिंडोरीत येतात आणि तिथेच राहतात. अशा मुलाला 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नका. सोळा-सतरा वर्षांचं वय म्हणजे काही उशीर नाही.

वयाची अट काय?

प्रवेशाच्या वर्षी १ ऑगस्टला १४ वर्षं पूर्ण हवीत. वरची मर्यादा नाही. चार वर्षं घरी बसलेला मुलगा, लग्न होऊन मूल शाळेत घातलेली बाई, कंपनीतून कमी केलेला तिशीचा कामगार, सगळे अर्ज करू शकतात.

बारावी झाली आहे. किंवा बी.ए. अर्धवट सोडलं आहे. आता आयटीआय चालेल?

चालेल. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, बारावीचे गुण तिथे उपयोगी पडत नाहीत. कमीपणा वाटून घेऊ नका. आर्ट्सची पदवी घेऊन इलेक्ट्रिशियनला आलेली मुलं मला माहीत आहेत, आणि ती वर्गात सगळ्यात मन लावून शिकतात.

सीबीएसई किंवा मुक्त विद्यालयातून दहावी केली असेल तर?

मान्यताप्राप्त मंडळाची दहावी चालते. गुणपत्रिकेत गणित आणि विज्ञान आहे का एवढं बघा, कारण मुक्त विद्यालयात विषय निवडता येतात आणि काही मुलांनी हे दोन घेतलेले नसतात.

मुलींसाठी काय आहे?

प्रत्येक संस्थेत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. शिवाय नाशिकमध्ये मुलींची स्वतंत्र शासकीय आयटीआय आहे. आयांना माझं एक सांगणं असतं: मुलगी म्हणून फक्त शिवण आणि ब्यूटीचा विचार करू नका. राखीव जागा सगळ्या ट्रेडना आहेत, आणि टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला मुलींचे अर्ज कमी येतात. म्हणजे तिथे तुमच्या मुलीला कमी गुणांवरही जागा मिळू शकते.

काही वर्षांपूर्वी दहावीला जेमतेम पास झालेली आमची एक विद्यार्थिनी मशिनिस्टला गेली. आई दारात उभी राहून म्हणाली होती, 'मॅडम, मशीनवर पोर कशी उभी राहणार?' पोर उभी राहिली. पुढच्या दिवाळीत शाळेत आली तेव्हा तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मिलिंग मशीनवर तिने पाडलेली खाच होती. 'मॅडम, बोट फिरवून बघा,' म्हणाली. आरशासारखी गुळगुळीत.

इतके ट्रेड आहेत, निवडायचा कसा?

आधी काळ बघा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, मोटार मेकॅनिक, एसी-फ्रिजचा ट्रेड, सर्व्हेअर, सिव्हिल ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, सुतारकाम, शिवणकाम आणि संगणकाचा कोपा हे एक वर्षाचे. पुढे डिप्लोमाला जायचं मनात असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड घ्या. कारण खाली सांगते.

मग नाशिक बघा. आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नरला मुसळगाव आणि माळेगाव, इगतपुरीच्या वाटेवर गोंदे. ओझरला विमानांचा एचएएल कारखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेसचा छापखाना, एकलहऱ्याला वीजनिर्मिती केंद्र, मनमाडला रेल्वेचा कारखाना. या जिल्ह्यात लोखंड कापणाऱ्या, जोडणाऱ्या आणि वीज हाताळणाऱ्या हातांना काम आहे. शेजारच्याचा मुलगा कोपाला गेला म्हणून आपलाही कोपाला, असं करू नका. कोपा चांगला आहे, पण संगणकासमोर बसायची आवड असलेल्यासाठी.

तिसरं, मुलाला वर्कशॉप दाखवून आणा. फिटरच्या मुलाच्या हाती पहिले काही आठवडे कानस असते. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. घासून झालं की त्यावर गुण्या लावून तो खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासायचा. संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड येतात. ज्या मुलाला ती रेघ बंद करण्यात गोडी वाटते तो फिटर होतो. ज्याला वाटत नाही त्याला जबरदस्तीने बसवलं तर तो दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही, आणि ती जागा वर्षभर रिकामी जाते. एका तुकडीत साधारण २० ते २४ जागा असतात. एक जागा रिकामी जाणं म्हणजे बाहेर राहिलेल्या एका मुलाचं वर्ष जाणं.

कोणते कागद लागतात?

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवास प्रमाणपत्र. राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला. दिव्यांग, अनाथ, माजी सैनिकांची मुलं यांच्यासाठी त्या त्या सवलतीचं प्रमाणपत्र. बँकेचं खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, शिष्यवृत्ती तिथेच येते.

आता ज्यावर खरं घोडं अडतं ते. गुणपत्रिका, दाखला आणि आधार या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आजच्या आज बघा. एकीकडे 'ज्ञानेश्वर' आणि दुसरीकडे 'ज्ञानेश', एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, एवढ्यानेसुद्धा पुढे परीक्षेचं हॉल तिकीट आणि प्रमाणपत्र अडकतं. आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं जन्मवर्ष असलेली मुलं अजून सापडतात. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि जूनमध्ये आधार केंद्रावर सकाळी सातला रांग लागलेली असते. मी तर नववीच्या मुलांनाच हे करायला लावते.

नॉन क्रिमिलेयरचं काय? जातीचा दाखला पुरत नाही का?

नॉन क्रिमिलेयर म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र. एससी आणि एसटी मुलांना ते लागत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि २०२४ च्या कायद्याने आलेला दहा टक्क्यांचा एसईबीसी, या सगळ्यांना लागतं. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. खुल्या प्रवर्गातल्या ज्यांना कुठलंच आरक्षण नाही त्यांना ईडब्ल्यूएसचे १० टक्के आहेत. त्याचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षाचं असतं, मागच्या वर्षीचं दाखवून चालत नाही.

नॉन क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, ही तारीख घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. पालक दाखला आणतात, छान लॅमिनेशन केलेला असतो, आणि खाली मुदत मागच्या मार्चची. मग सेतू केंद्रावर धावपळ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, आणि तोवर प्रवेशाची फेरी निघून जाते. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढायला टाका. निकालाची वाट कशाला पाहायची? दहावीत काहीही गुण मिळाले तरी हा कागद लागणारच आहे.

आणखी एक. लॅमिनेशन करू नका. झेरॉक्स पाच काढा आणि मूळ कागद साध्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा.

अर्ज कुठे आणि कसा भरायचा?

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर. शासकीय आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या संस्थांसाठी प्रक्रिया ऑनलाइन आणि राज्यभर एकच आहे. अर्ज भरा, शुल्क भरा, कागद तपासून अर्ज निश्चित करून घ्या, मग संस्था आणि ट्रेडचे पर्याय पसंतीच्या क्रमाने टाका. नुसता अर्ज भरून घरी बसलेली मुलं दरवर्षी सापडतात. अर्ज निश्चित झाला नसेल किंवा पर्याय भरले नसतील तर यादीत नाव येणार नाही.

प्राथमिक गुणवत्ता यादी लागली की ती उघडून आपले गुण, प्रवर्ग, जन्मतारीख बरोबर आहे का बघा. हरकत नोंदवायला मोजकेच दिवस मिळतात. अंतिम यादी लागल्यावर 'मॅडम, ओबीसी टाकायचं राहिलं' म्हणून आलात तर मीही काही करू शकत नाही आणि प्राचार्यही नाही.

पर्याय टाकताना पहिला पर्याय एवढा महत्त्वाचा का?

कारण पहिल्या फेरीत तुमचा पहिलाच पर्याय मिळाला तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. यात ढील नाही.

आमच्याच शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, आणि गुणही तेवढे होते. वडिलांनी एका सायबर कॅफेत अर्ज भरून घेतला. तिथल्या माणसाने यादीत वर दिसणारा ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाकला आणि म्हणाला, 'आत्ता काहीही टाका, पुढच्या फेरीत बदलू.' पहिल्या फेरीत तोच मिळाला. घराजवळ नाही आणि मुलाला आवडतही नाही, म्हणून प्रवेश घेतला नाही. इलेक्ट्रिशियनची जागा त्याच्या गुणांना दुसऱ्या फेरीत लागली असती. पण तो यादीतच नव्हता. शेवटी संस्था पातळीवरच्या समुपदेशन फेरीत उरलेल्यातून जे मिळालं ते त्याने घेतलं. तो मुलगा माझ्यासमोर बसून एक शब्द बोलला नाही, नुसता पोर्टलची प्रिंट हातात धरून बसला होता. तेव्हापासून मी एकच सांगते: पर्याय मुलाने स्वतः, स्वतःच्या हाताने टाकायचे. कागदावर आधी क्रम लिहा, घरात चर्चा करा, आणि मगच मोबाइल हातात घ्या.

क्रम लावायची रीत सोपी आहे. जे मनापासून हवं ते वर, मिळेल की नाही याची पर्वा न करता. जे नको ते यादीत अजिबात नको. मधे शक्य तेवढे जास्त पर्याय. नियमित फेऱ्या चार असतात, त्यानंतर समुपदेशन फेरी. फक्त दोन पर्याय टाकून चार फेऱ्या कोरड्या गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आयएमसी जागा म्हणजे काय? जास्त फी का सांगतात?

सार्वजनिक-खासगी भागीदारीतल्या शासकीय आयटीआयमध्ये २० टक्के जागा संस्था व्यवस्थापन समितीच्या असतात. त्यांची फी नेहमीच्या शासकीय जागेपेक्षा जास्त असते. प्रशिक्षण तेच, वर्कशॉप तेच, प्रमाणपत्र तेच. पर्याय टाकताना ही जागा वेगळी दिसते, तेव्हा फीचा आकडा वाचूनच टाका.

खासगी आयटीआय घ्यावी का?

संलग्नता असलेली असेल तर प्रमाणपत्र सारखंच मिळतं. पण प्रवेश घ्यायच्या आधी स्वतः जाऊन बघा. लेथ किती, त्यातले चालू किती, वेल्डिंगच्या बूथमध्ये काजळी आहे की नवाकोरा रंग. रंग नवाकोरा असेल तर तिथे कुणी वेल्डिंग करत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या मुलांना खासगी संस्थेतल्या फीची प्रतिपूर्ती मिळण्याची राज्याची योजना आहे, ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत. राज्याच्या शिष्यवृत्तींच्या महाडीबीटी पोर्टलवर तिचा अर्ज करा.

घरची परिस्थिती बिकट आहे. खर्च किती आणि मदत काय?

शासकीय आयटीआयची फी बहुतेक घरांना झेपण्यासारखी आहे. खरा खर्च जाण्यायेण्याचा, डब्याचा आणि राहण्याचा. एसटी बसचा विद्यार्थी पास काढला तर दोन-तृतीयांश भाडं वाचतं. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी मुलांना महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्ती आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणच्या आदिवासी मुलांनी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज आयटीआयच्या अर्जाबरोबरच करावा. जागा मिळाल्यावर वसतिगृह शोधायला निघालं की उशीर होतो.

आयटीआय प्रशिक्षणार्थींना मिळणारं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं. चाळीस रुपयांत महिन्याचा चहासुद्धा होत नाही. राज्याने ते ५०० केलं. तेवढ्याने घर चालत नाही, पण सिटीलिंकच्या तिकिटाला हातभार लागतो. हे आपोआप येत नाही, संस्थेत चौकशी करा.

आयटीआय करता करता अकरावी-बारावी किंवा कंपनीत काम करता येईल का?

नाही. आयटीआय पूर्ण वेळेची आहे. हजेरी ८० टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. पहिल्या सहामाहीत रात्रपाळी करून वर्गात पेंगणारी मुलं दुसऱ्या सहामाहीत हजेरीत मार खातात. घरची अडचण मी समजू शकते. तरी शक्य असेल तर ही एक-दोन वर्षं पोराला द्या.

मग बारावी कायमची गेली का?

गेली नाही. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा पास झालं की बारावीची समकक्षता मिळते. याचं महत्त्व नोकरीच्या वेळी कळतं. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच्या प्रमाणपत्राबरोबर बारावीही मागितलेली असते. प्रमाणपत्र हातात, अनुभव हातात, आणि दोन भाषांचे पेपर दिले नाहीत म्हणून अर्ज बाद, असं होऊ देऊ नका.

दुसरी वाट डिप्लोमाची. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दहावीला गणितात काठावर पास झालेली मुलं आयटीआयमधून पॉलिटेक्निकला आणि तिथून इंजिनीअरिंगला गेलेली आहेत. वाट लांबची खरी, पण ड्रॉइंग आणि मशीन हाताखालून गेलेलं असल्यामुळे अशी मुलं तिथे बुजत नाहीत.

आयटीआय झाल्यावर लगेच नोकरी की अप्रेंटिसशिप?

अप्रेंटिसशिप करा, म्हणजे कंपनीत विद्यावेतनावर काम शिका. १९६१ च्या कायद्याने ती चालते, नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, आणि २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ठेकेदाराकडे पहिल्या महिन्यात थोडे जास्त पैसे दिसतात आणि तिथेच मुलं फसतात. एचएएल, रेल्वे, वीज कंपन्या या अप्रेंटिसची भरती जाहिरात देऊन करतात, आणि शेवटी मिळणारं राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र पुढच्या कितीतरी भरत्यांत उपयोगी पडतं. धोक्याच्या कामांवर १८ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून सोळाव्या वर्षी आयटीआय संपवलेल्या मुलाने जाहिरातीतली वयाची ओळ आधी वाचावी.

दोन वर्षं देणं शक्यच नाही. काही महिन्यांचं प्रशिक्षण आहे का?

आहे. केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान, दोन्हींत वय १५ ते ४५. शिक्षणाची अट कोर्सप्रमाणे बदलते. ग्रामीण भागातल्या गरीब घरांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, वय १५ ते ३५, महिला आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत. ही प्रशिक्षणं मोफत असतात. कुणी केंद्रावर 'नोंदणी फी' मागितली तर तिथून उठून या.

माझं मत विचाराल तर आयटीआय शक्य असेल तर आयटीआयच. तीन महिन्यांचं प्रमाणपत्र पहिली नोकरी लावू शकतं, पण बढतीच्या वेळी आणि सरकारी भरतीत ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दहावी पास मुलगा बसतो का?

नाही, आणि यावर गैरसमज फार आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वय १८ ते ३५ आणि शिक्षण किमान बारावी किंवा आयटीआय लागतं. बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये. आधी सहा महिने होते, नंतर मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. दहावी होऊन थांबलेल्याला दार बंद, पण त्याच मुलाने आयटीआय केला तर बारावी पासापेक्षा दोन हजार जास्त. ही कायमची नोकरी नाही, हे घरात स्पष्ट बोलून घ्या.

एक जण म्हणतो, वीस हजार द्या, सातपूरला जागा करून देतो.

देऊ नका. वाटप गुणवत्तेने आणि संगणकावर होतं, यादी सगळ्यांना दिसते. ज्या जागा तुमच्या मुलाला तशाही मिळणार असतात त्याच 'करून दिल्या' म्हणून हे लोक पैसे घेतात. शंका असेल तर जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारा. त्र्यंबक रोडवर आयटीआय सिग्नलला उतरलात की संस्था समोरच आहे. तिथले शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे शिक्षक, सगळं मोफत समजावून सांगतात.

चारही फेऱ्यांत नाव लागलं नाही. आता?

समुपदेशन फेरीला मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहा. रिकाम्या जागा संस्थेत कळतात, आणि जो समोर असतो त्याला मिळतात. नाशिक शहरात नसेल तर सिन्नर, दिंडोरी, निफाड, चांदवड, इगतपुरी बघा. गोंद्याच्या कंपन्या इगतपुरीच्या मुलांना जवळच्या आहेत आणि मुसळगाव सिन्नरच्या. त्या दिवशी सकाळी लवकर निघा, फाइल पिशवीत आदल्या रात्रीच भरून ठेवा, आणि दोन पासपोर्ट फोटो जास्तीचे घ्या.